कार्ड हरवलंय, ओटीपी येत नाही, मग लस मिळणार का?

मागच्या अंकात आम्ही लसीकरणाच्या ऑनलाइन नोंदीबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं. कोविन (कोविड लसीच्या नोंदीचं पोर्टल), यूविन, आधार, सर्टिफिकेट असं सगळ्यावर भरपूर आलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि नावं मुद्दाम छापलेली नाहीत कारण बऱ्याच जणांनी घरचं लिहिलंय.

ताई, माझी डिलिव्हरी माहेरी जालन्याकडच्या गावी झाली, बाळाच्या पहिल्या लसी तिथेच झाल्या. आता आम्ही चाकणला राहतो, बाळ आठ महिन्यांचं झालंय. सामान हलवताना लसीचं कार्ड हरवलं. इथल्या सिस्टर म्हणाल्या यूविनवर शोधू, पण तेव्हा दिलेला नंबर माझ्या भावाचा होता आणि तो बंद पडलाय. आता सगळं परत पहिल्यापासून घ्यावं लागेल का? — एक आई, चाकण

नाही, पहिल्यापासून काही नाही. घेतलेले डोस वाया जात नाहीत, राहिलेले पुढे चालू करायचे असतात. आणि कार्ड नाही म्हणून सरकारी दवाखान्यातून बाळाला परत पाठवता येत नाही हे पक्कं लक्षात ठेवा.

आता यूविन म्हणजे काय तर कोविनच्याच धर्तीवर केंद्र सरकारने बाळं आणि गरोदर बायांच्या नेहमीच्या लसीकरणासाठी उभी केलेली सिस्टीम. जानेवारी 2023 मध्ये 65 जिल्ह्यांत पायलट सुरू झाला आणि नंतर देशभर नेली. बाळाची एकदा नोंद झाली की ते कुठल्याही गावी गेलं तरी तिथल्या सिस्टरला स्क्रीनवर दिसावं की कुठला डोस झाला आणि कुठला बाकी आहे, असा त्यामागचा हेतू. तुमच्यासारख्या घरांसाठीच ती आहे खरं तर, बाळंतपण एका जिल्ह्यात आणि संसार दुसऱ्या जिल्ह्यात हे आपल्याकडे घरोघरी आहे. पण नोंद शोधायची तर मोबाइल नंबर लागतो आणि आपल्याकडे नंबर बदलतात, माहेरचा दिलेला असतो, नाहीतर आशाताईंनी घाईत स्वतःचाच टाकलेला असतो. तिथे सगळं अडतं.

तुम्ही असं करा. माहेरच्या गावच्या आशाताईंना किंवा उपकेंद्राच्या सिस्टरला फोन लावायला घरी सांगा. त्यांच्याकडे रजिस्टर असतं, त्यात बाळाच्या नावापुढे तारखेसकट डोस लिहिलेले असतात. त्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. जन्मानंतरच्या लसी, म्हणजे बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस बी, दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावर बहुतेक वेळा लिहिलेल्या असतात, ते कार्ड घरात असेल तर बघा. बाळाच्या डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण असेल तर तोही पुरावाच आहे. हे घेऊन चाकणच्या सिस्टरकडे जा, नवीन कार्ड करून घ्या, नवीन नंबर टाकून घ्या, आणि नवीन कार्डाचा फोटो काढून स्वतःला, नवऱ्याला आणि आईला पाठवून ठेवा.

आणि नऊ महिने पूर्ण झाले की उशीर करू नका. त्या वेळी गोवर-रुबेलाचा पहिला डोस असतो, शिवाय पीसीव्हीचा (न्यूमोनियाविरुद्धच्या लसीचा) बूस्टर, पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा डोस आणि व्हिटॅमिन ए. 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडी भागात गोवरची साथ आली होती आणि लहान मुलं दगावली होती, लस न झालेल्या मुलांना शोधायला तेव्हा घरोघरी फिरावं लागलं. स्थलांतर करणाऱ्या घरातली मुलंच यात जास्त सुटतात म्हणून एवढं कळकळीने सांगतेय.

माझे वडील एप्रिल 2021 मध्ये कोविडने गेले. त्यांचा एकच डोस झाला होता. नंतर काही महिन्यांनी माझ्या फोनवर मेसेज आला की त्यांचा दुसरा डोस यशस्वीरीत्या पूर्ण झाला, सर्टिफिकेटसुद्धा डाउनलोड झालं. आई ते बघून दोन दिवस जेवली नाही. हे होतं तरी कसं? आणि आता काही करता येईल का? — एक वाचक, सोलापूर

दादा, तुमच्या आईंना काय वाटलं असेल याची कल्पना करवत नाही. असे मेसेज तेव्हा देशभरात बऱ्याच घरांत आले होते, पेपरातही छापून आलं होतं. तुमच्या बाबतीत नेमकं काय झालं ते इथून सांगता येणार नाही, पण असं होऊ कसं शकतं ते सांगते.

केंद्रावर लस टोचणारी सिस्टर एक आणि कॉम्प्युटरवर नोंद करणारा माणूस वेगळा. त्याच्यासमोर स्क्रीनवर नावांची यादी असते, माणूस आला, लस घेतली, की नावापुढे क्लिक. नेट बंद पडलं की नावं कागदावर लिहून ठेवायची आणि रात्री बसून भरायची, मग अशा वेळी चुकीच्या नावापुढे क्लिक होतं. बुकिंग करून न आलेल्या लोकांनाही ‘लस झाली’ असे मेसेज जायला लागले तेव्हा सरकारने स्वतःच मान्य केलं की नोंद करताना चुका होतायत आणि 8 मे 2021 पासून चार आकडी सिक्युरिटी कोड आणला. अपॉइंटमेंटच्या स्लिपवर तो कोड यायचा, केंद्रावर तो सांगितल्याशिवाय डोसची नोंद होत नव्हती. चांगलीच सोय होती. पण ती फक्त ऑनलाइन बुकिंग केलेल्यांसाठी. थेट केंद्रावर जाऊन नोंद करणाऱ्यांना कोड नव्हता, म्हणजे गावातली आणि वयस्कर माणसं जिथे जास्त तिथेच ही तपासणी नव्हती.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. रोज संध्याकाळी किती डोस झाले याचा आकडा वर जायचा, टार्गेट होतं. ज्या आकड्यावरून तुमचं काम जोखलं जातं तोच आकडा तुम्हीच भरायचा असेल तर कुठेतरी तो फुगणारच. यात मी टोचणाऱ्या सिस्टरला दोष देणार नाही, त्या बायांनी पीपीई किट घालून उन्हाळा काढलाय. दोष असलाच तर फक्त आकडा मागणाऱ्या आणि माणूस न विचारणाऱ्या पद्धतीचा.

2022 च्या सुरुवातीला कोविनमध्ये चुकीची डोसची नोंद रद्द करून घ्यायची सोय आली होती, ‘रेज अ‍ॅन इश्यू’ मध्ये जाऊन. पण ती जिवंत माणसाला राहिलेला डोस घेता यावा म्हणून होती. तुम्ही मृत्यू दाखल्याची प्रत जोडून जिल्हा परिषदेत जिल्हा माता व बाल संगोपन अधिकाऱ्यांकडे (शहरात राहत असाल तर महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे) लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. हातात काही पडो न पडो, चूक झाली हे कुठेतरी लिहिलेलं राहायला हवं.

याची दुसरी बाजूही आहे. मे 2021 मध्ये कांदिवलीच्या एका सोसायटीत बनावट लसीकरण शिबिर झालं, शेकडो लोकांनी पैसे भरून लस घेतली. नंतर सर्टिफिकेटं आली ती वेगवेगळ्या हॉस्पिटलांच्या नावाची, जिथे ही मंडळी कधी गेलीच नव्हती. त्यावरून लोकांना संशय आला आणि प्रकरण पोलिसांत गेलं. म्हणजे प्रत्येक डोसला केंद्राचं नाव आणि तारीख चिकटलेली असणं किती कामाचं आहे बघा. म्हणून सर्टिफिकेट नुसतं डाउनलोड करून ठेवू नका, त्यावरचं केंद्र आणि तारीख वाचा.

मुलगा इंग्लंडला शिकायला चाललाय, कोविन सर्टिफिकेटवर नावाचं स्पेलिंग पासपोर्टपेक्षा वेगळं आहे आणि फक्त जन्मवर्षच आहे. अडचण येईल का? — एक वाचक, ठाणे

2021 मध्ये आली असती. तेव्हा ब्रिटन पूर्ण जन्मतारीख मागत होतं म्हणून सप्टेंबरच्या शेवटी कोविनला परदेशी जाणाऱ्यांसाठी ती सोय करावी लागली, पासपोर्ट नंबर जोडायची सोय त्याआधी जूनमध्येच आली होती. आता प्रवासासाठी ब्रिटन कोविड सर्टिफिकेट मागत नाही. पण युनिव्हर्सिटीकडून गोवर-गालगुंड-रुबेला आणि मेनिंजायटिसच्या लसींबद्दल विचारणा होऊ शकते, तेव्हा लहानपणीचं कार्ड शोधून ठेवा.

मी निवृत्त शिक्षक आहे. आम्ही पल्स पोलिओच्या बूथवर रविवार रविवार बसलो. ना मोबाइल, ना ओटीपी, ना आधार. बोटाला शाई लावली की झालं. तरी पोलिओ गेला. मग आता या सगळ्या कॉम्प्युटरची गरजच काय? 2021 ला माझ्या शेजारच्या मजुराला स्लॉट मिळेना आणि त्याच वेळी शहरातले लोक गाडी करून आमच्या गावच्या केंद्रावर लस घेऊन गेले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. — एक वाचक, पालघर

गुरुजी, या वेळच्या टपालातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुमचा आहे त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पोलिओच्या वेळी नाव लागत नव्हतं कारण नियमच तसा होता. पाच वर्षांखालचं प्रत्येक मूल, आधी कितीही डोस झालेले असोत, त्या दिवशी दोन थेंब घेणार. कुणाला किती झाले हे विचारायचं कामच नाही, जास्त झाले तरी अपाय नाही. त्यामुळे डाव्या हाताच्या करंगळीला शाई आणि टॅली शीटवर रेघ एवढं पुरायचं. पण नोंद नव्हती असं मात्र नाही हां. बूथनंतर घरोघरी जायच्या टीम आठवतात ना, दारावर खडूने ‘पी’ किंवा ‘एक्स’ लिहायच्या. घरातली सगळी मुलं झाली तर ‘पी’, एक जरी राहिलं असेल, गावाला गेलं असेल, आई नको म्हणाली असेल, तर ‘एक्स’, आणि मग ‘एक्स’ च्या घरी परत जायचं. भारतातली शेवटची केस जानेवारी 2011 मध्ये हावड्याला सापडली आणि मार्च 2014 मध्ये पोलिओमुक्त म्हणून सर्टिफिकेट मिळालं, त्यात त्या खडूच्या ‘एक्स’ चा वाटा फार मोठा आहे असं मला मनापासून वाटतं. राहिलेल्याच्या दारात परत जाणारी नोंद होती ती.

कोविडचं गणित वेगळं होतं. दोन डोस, तेही एकाच कंपनीचे, मध्ये अंतर, आणि ते अंतरही बदलत गेलं. कोविशिल्डचं आधी 4 ते 6 आठवडे, मार्च 2021 मध्ये 6 ते 8, मे मध्ये 12 ते 16. शंभर कोटींच्या वर लोकांच्या देशात कुणाला कुठली लस कधी दिली हे लिहिल्याशिवाय दुसरा डोस देणार कसा? तिथे कॉम्प्युटर लागणारच होता. शिवाय कोविन शून्यातून आलं नाही, त्याच्याखाली ईविन होतं, 2015 पासून हळूहळू राज्याराज्यांत बसवलेलं. कुठल्या पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) फ्रिजमध्ये लसीच्या किती व्हायल, म्हणजे बाटल्या, आहेत, तापमान 2 ते 8 डिग्रीत आहे का, हे त्यावर दिसतं, फ्रिज तापला की माणसाच्या फोनवर मेसेज येतो. याबद्दल कुणी फार बोलत नाही पण लस खराब न होता गावापर्यंत पोचण्यात त्याचं मोठं काम आहे.

आता तुमचं दुसरं म्हणणं, ते शंभर टक्के बरोबर आहे. 1 मे 2021 पासून 18 ते 44 वयाच्या लोकांना ऑनलाइन नोंदणी आणि अपॉइंटमेंट सक्तीची केली. 28 एप्रिलला दुपारी 4 वाजता नोंदणी उघडली आणि पहिल्याच दिवशी एक कोटी तीस लाखांच्या वर लोकांनी नावं टाकली, आणि लस होती मूठभर. आपल्या महाराष्ट्रात तर 12 मेपासून या वयोगटाचं लसीकरणच थांबवावं लागलं, शिल्लक लस 45 वरच्यांच्या दुसऱ्या डोसला वळवली. लस कमी आणि मागणारे जास्त असताना जो यादीत पहिला त्याला मिळणार, आणि पहिला कोण, तर ज्याच्याकडे चांगलं नेट आहे, दिवसभर स्क्रीन रिफ्रेश करायला वेळ आहे, स्लॉट उघडला की टेलिग्रामवर अलर्ट येतो, आणि गाडी आहे. तुमच्या शेजारच्या मजुराकडे यातलं काय होतं? वर पोर्टल सुरुवातीला इंग्रजीत, मराठीसकट इतर भाषा आल्या जून 2021 मध्ये. सुप्रीम कोर्टानेही 31 मे 2021 च्या आदेशात हेच विचारलं होतं की फोन आणि इंटरनेट नसलेल्यांनी काय करायचं. 24 मेपासून सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची मुभा आली, 21 जूनपासून सगळ्यांना सरसकट, आणि नोव्हेंबरमध्ये ‘हर घर दस्तक’ म्हणून पुन्हा घरोघरी जाणं आलं. म्हणजे शेवटी तुमच्या पोलिओच्या वाटेनेच जावं लागलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की नोंद हवीच, पण ती लस दिल्यावर व्हायला हवी, लस मिळण्याची अट म्हणून नको. 2021 च्या मे महिन्यात तीच दारावर उभी केली गेली आणि ज्यांना रोज बाहेर पडून कमवावं लागतं तेच बाहेर राहिले.

मॅडम मी आशा आहे. एकच बाळ मी माझ्या डायरीत लिहिते, सिस्टर रजिस्टरला लिहितात, मग आरसीएच पोर्टल (आई-बाळांच्या नोंदीचं) आणि आता यूविन. आमच्या पाड्यावर रेंज नाही, टेकडीवर चढून जावं लागतं. सत्राच्या दिवशी बायका उन्हात बसून असतात आणि सिस्टर मोबाइल हातात धरून उभ्या. चूक झाली की मीटिंगमध्ये आम्हालाच बोलणी. काय करावं? — धडगाव तालुका

ताई, तुमचं पत्र आम्ही दोनदा वाचलं. तुम्ही लिहिलंय तसंच खूप जणींनी लिहिलंय, मेळघाटातून आणि गडचिरोलीतूनही.

खरं तर यूविन आलं की कागदाचं ओझं कमी व्हायला हवं होतं. पण जुनं काही बंद झालं नाही, नवं वरून आलं. 2009 च्या आसपास आई-बाळांच्या नोंदीची पहिली ऑनलाइन सिस्टीम आली, मग आरसीएच, मग टॅबवरचं अनमोल अ‍ॅप, आता यूविन. प्रत्येक वेळी वरच्या ऑफिसला वाटतं एकच अ‍ॅप वाढलं, पण भरणारे हात तेच दोन. एका बाळाचं नाव चार ठिकाणी चार स्पेलिंगने जातं आणि मग ‘डेटा मॅच होत नाही’ म्हणून चौकशी तुमची. तुमच्या चुका म्हणून ज्या मोजतात त्यातल्या कितीतरी यातूनच येतात. हे मांडायची जबाबदारी एकट्या आशांवर टाकू नये, तालुक्याच्या मीटिंगमध्ये सिस्टर आणि मेडिकल ऑफिसर यांनी मिळून मांडावं.

तोवर सत्राच्या दिवशी लस आधी, नोंद नंतर. गोवर-रुबेलाची व्हायल एकदा विरघळवली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली फेकायची. रेंजची वाट बघत ते तास घालवण्यात अर्थ नाही. टोचा, कार्डावर आणि टॅली शीटवर लिहा, आणि रेंज मिळेल तिथे त्याच दिवशी भरा. आईच्या हातात तारखेसकट भरलेलं कार्ड गेलं पाहिजे, कारण तुमच्या पाड्यावर तेच चालतं, सर्व्हर बंद असला तरी ते बंद पडत नाही.

आणि ड्यू लिस्ट. सत्राच्या आधी कुणाकुणाचा डोस बाकी आहे ती यादी तुम्ही हाताने काढता, ती यूविनमधून आयती मिळायला हवी, या सिस्टीमचा तुम्हाला होणारा सगळ्यात मोठा फायदा तोच. तुमच्या सिस्टरला सांगा यादी प्रिंट करून किंवा लिहून तुमच्याकडे द्या म्हणून. तुम्ही फक्त माहिती वर पाठवत राहिलात आणि खाली काहीच परत आलं नाही तर ते काम ओझंच वाटणार. यादीत नाव नसलेलं बाळ तुम्हाला पाड्यावर दिसलं तर ते सगळ्यात आधी लिहा, कुठल्याच कॉम्प्युटरला ते बाळ माहीत नाही, फक्त तुम्हाला माहीत आहे.

कोविनचा डेटा लीक झाला होता ना? मग बाळाचं आधार आणि आमचे नंबर यूविनला का द्यायचे? — एक वाचक, डोंबिवली

जून 2023 मध्ये टेलिग्रामवर एक बॉट आला होता, त्यात मोबाइल नंबर टाकला की त्या माणसाचं नाव, ओळखपत्राचा नंबर, जन्मवर्ष, लस कुठे घेतली ते दिसत होतं. राजकारणी, पत्रकार, सगळ्यांचं. सरकारचं म्हणणं होतं की कोविनचा डेटाबेस थेट फोडलेला नाही, पुढे पोलिसांनी अटकही केली. पण लोकांच्या दृष्टीने माहिती बाहेर दिसली ती दिसलीच, तुमची भीती अजिबात चुकीची नाही. आणि एक, कोविनला आधार देताना अनेकांचा डिजिटल हेल्थ आयडीसुद्धा तयार झाला, त्यांना पत्ता नव्हता. हे योग्य नव्हतं. विचारून संमती घ्यायला दोन मिनिटं लागतात.

लसीसाठी आधार सक्तीचं नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये सुप्रीम कोर्टात केंद्राने हेच सांगितलं होतं, आणि ओळखपत्रच नसलेल्या सुमारे 87 लाख लोकांना लस दिल्याचंही सांगितलं. तेव्हा बाळाचं आधार नसेल तर थांबू नका, द्यायचं नसेल तर दुसरं ओळखपत्र चालेल का विचारा, आभा नंबर (तोच डिजिटल हेल्थ आयडी) काढायचा की नाही हेही तुमच्या मर्जीवर आहे. पण भीतीपोटी नोंदच टाळू नका. आणि ‘लसीकरण विभागातून बोलतोय, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर ठेवून द्या, तुम्ही केंद्रावर समोर बसलेले नसाल तर ओटीपी कुणालाच सांगायचा नाही.

आमच्या साखर कारखान्यावर बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. सिस्टर लस द्यायला येतात पण कोप्यांवर (मजुरांच्या झोपड्यांवर) एका मुकादमाकडेच चालू फोन असतो, मुलांचे कागद गावी. नोंदणीत अर्धा दिवस जातो. शेतकी विभागात काम करतो, आम्ही काही मदत करू शकतो का? — कोल्हापूर जिल्हा

खूप करू शकता. कुठली टोळी कुठल्या गावाच्या शिवारात उतरलीय, मुकादम कोण, त्याचा नंबर काय, ही यादी आरोग्य खात्याकडे नसते, तुमच्या शेतकी विभागाकडे असते. हंगाम सुरू झाला की ती पीएचसीला द्या आणि टोळी फड बदलून पुढे गेली की कळवा. कोप्यांवर पाच वर्षांखालची किती मुलं आणि गरोदर बाया किती एवढं चिटबॉयने (कारखान्याच्या फडावरच्या माणसाने) विचारून लिहिलं तरी सिस्टरला किती व्हायल आणायच्या ते कळतं. बाया पहाटे फडात जातात तेव्हा सत्र त्या परत येतात त्या वेळेला ठेवायला सांगा. नोंदणीला फोन नसला तर सिस्टरनी कागदावर लिहून लस द्यावी, नंतर भरावी.

आणि मार्च-एप्रिलला पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की टोळ्या परत निघायच्या आधी प्रत्येक आईकडे कार्ड आहे का तेवढं बघा, त्यावर पुढच्या डोसची तारीख लिहून घ्या. गावच्या आशाताईंचा नंबर तिला माहीत असेल तर तोही तिथेच मागे लिहा.